दहा किलोमीटर चाललो, पण वानरांशिवाय काहीच दिसलं नाही

प्रश्न: तीन वर्षांपूर्वी पुण्याहून इंदूरला बदली झाली. पाताळपाणी, तिंछा, जानापाव, चोरल असं सगळं फिरून झालं. दर वेळी दहा-बारा किलोमीटर चालतो. देखावे फार सुंदर, पण वानरं आणि एखादा मोर सोडला तर काही दिसत नाही. मुलगी नऊ वर्षांची आहे, तिला पाखरांचं वेड आहे आणि ती हिरमुसून परत येते. इथल्या जंगलात काही उरलंच नाही का? कुठे जावं, कधी जावं, दुर्बीण कुठली घ्यावी?

उत्तर:

ताई, उरलंय, आणि पुष्कळ उरलंय. महू, चोरल, मानपूर या पट्ट्यात मी गेली अठ्ठावीस वर्षं फिरतोय, त्यातली बरीच शाळेतल्या मुलांना बरोबर घेऊन. तुमच्या पत्रातला 'दहा-बारा किलोमीटर' हा शब्द वाचला आणि अडचण तिथेच कळली. पुढच्या वेळी तीनच किलोमीटर चाला. उरलेला वेळ एका जागी बसा. जागा बदलायची गरज नाही, तिंछा आणि चोरल तुम्हाला पुरून उरतील.

दुसरी गोष्ट वेळेची. आपल्या इंदुरात सहलीला निघायचं म्हणजे आधी पोहे-जिलबी, मग गाडीत पेट्रोल, मग कुणाची तरी वाट बघणं, आणि घाटात पोचेपर्यंत साडेनऊ. तोवर जंगलाची सकाळची गडबड आटोपलेली असते. पाखरं सूर्य उगवल्यापासून पहिले दोन-अडीच तास खाण्याच्या मागे असतात, तेव्हा ती उघड्यावर येतात, भांडतात, गातात. पोहे डब्यात घ्या आणि उजाडता उजाडता पायवाटेवर उभ्या राहा. अंधारात मात्र चालायला सुरुवात करू नका, त्याचं कारण पुढे येईल.

आता थोडं जमिनीबद्दल, कारण पुण्याची सवय इथे उलटी पडते. सह्याद्रीत आपण पायथ्याच्या गावातून निघतो, वर चढतो, आणि थकल्यावर उतार लागतो. माळव्यात आपण आधीच वर उभे असतो. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे. महूच्या दक्षिणेला हे पठार एकाएकी तुटतं आणि खाली निमाडचा सखल प्रदेश पसरलेला दिसतो. म्हणजे सकाळी ताज्या पायांनी खोहात, म्हणजे खोल दरीत, उतरायचं आणि दुपारी, उन्हात, मूल कंटाळलेलं असताना चढायचं. उतरताना निम्म्याहून जास्त पाणी शिल्लक राहिलंच पाहिजे, हा माझा मुलांसाठीचा पक्का नियम आहे.

पठाराच्या या तुटलेल्या कडेमुळेच इथे जनावर-पाखरू टिकून आहे. सगळा खडक साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, थरावर थर चढलेला. एक थर कठीण, त्याखालचा भुसभुशीत. पावसाचं पाणी वरून मुरतं आणि कड्याच्या मध्येच कुठे तरी पाझरून बाहेर येतं. त्यामुळे वर पठारावर एप्रिलमध्ये साग, सालई, धावडा सगळे बोडके झालेले असताना खाली नाल्यात जांभूळ, उंबर, करंज, अर्जुन हिरवेगार उभे असतात. दोन-तीनशे पावलं उतरलं की दुसऱ्याच ऋतूत आल्यासारखं वाटतं. ज्याला सावली, ओल आणि किडे हवेत तो प्रत्येक जीव उन्हाळ्यात या चिंचोळ्या पट्ट्यात गोळा होतो. म्हणून बसायचं ते नाल्याच्या काठच्या या हिरव्या पट्ट्यात. धबधब्याच्या तोंडाशी पाण्याचा आवाज इतका असतो की पाखराची हाक कानावरच येत नाही.

जानापाववर गेला आहात तर मुलीला एक दाखवा. ही टेकडी साडेआठशे मीटरच्या आसपास उंच आहे आणि चंबळ इथूनच निघते. टेकडीच्या उत्तरेला पडलेला पाऊस चंबळेतून यमुनेला, गंगेला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला मिळतो. आणि पाताळपाणीला जी कोसळते ती चोरल नदी मात्र दक्षिणेला वळते, बडवाहजवळ नर्मदेला मिळते आणि तिचं पाणी अरबी समुद्रात जातं. दोन्ही जागा एका सकाळच्या अंतरावर आहेत. मुलांना हे सांगितलं की ती ओंजळीतल्या पाण्याकडे वेगळ्या नजरेने बघतात, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

बसायचं म्हणजे नेमकं काय, ते सांगतो, कारण इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. झाडाच्या बुंध्याला पाठ टेकवायची, सावलीत, अंगावर मळखाऊ रंगाचे कपडे. पहिली दहा मिनिटं काहीही होत नाही. तुम्ही चालत आलात तेव्हा सगळ्यांनी तुम्हाला पाहिलंय आणि सगळे गप्प झालेत. पंधराव्या मिनिटाच्या सुमारास आधी किडे सुरू होतात, मग बुलबुल, मग सातभाईंचं टोळकं पाचोळा उडवत येतं. विसाव्या मिनिटानंतर तुम्ही तिथल्या झालेल्या असता.

दोन वर्षांपूर्वी जूनच्या तिसऱ्या आठवड्यात चोरलच्या वरच्या अंगाला एका नाल्यात असाच बसलो होतो. बरोबर आठवीतली सहा मुलं. चारच दिवसांपूर्वी पहिला पाऊस झाला होता आणि पाचोळा ओला होता. झुडपातून दोन सुरांची शीळ येत होती, पहिला सूर सरळ, दुसरा किंचित घसरलेला. मुलं वर फांद्यांत शोधत होती. मी हळूच जमिनीकडे बोट दाखवलं. करंजाच्या मुळाशी एक आखूड शेपटीचं पाखरू चोचीने एकेक पान उचलून बाजूला फेकत होतं, जसं आपण गहू निवडताना खडा फेकतो तसं. हिरवी पाठ, पिवळसर पोट, शेपटीखाली लाल, डोळ्यावरून काळा पट्टा आणि खांद्यावर निळा तुकडा. नवरंग. दक्षिण भारतातून आणि श्रीलंकेतून पावसाच्या तोंडावर ही पाखरं इकडे वीण घालायला येतात. आमच्यापासून पाच पावलांवर त्याने पानाखालून गांडूळ ओढून काढलं, ते अर्धं तुटलं, तर उरलेला तुकडा काढायला परत तिथेच चोच घातली. एकाही मुलाने आवाज केला नाही. वरून वाट तुडवत गेलेल्या दोन टोळ्या त्याच वेळी आमच्या डोक्यावरून बोलत गेल्या. त्यांना शीळही ऐकू आली नसणार.

त्याच जागी, पाण्यावर झुकलेल्या बारीक फांदीच्या बेचक्यात दूधराजाचं घरटं होतं. हा मध्य प्रदेशाचा राज्यपक्षी. पांढऱ्या शुभ्र नराला फीतभर लांब शेपटी असते, आणि तशी शेपटी घरट्याबाहेर लोंबत ठेवून तो स्वतः अंडी उबवायला बसतो. कोळ्याच्या जाळ्याने विणलेली ती वाटी मुठीपेक्षा मोठी नसते. पुष्कळदा जवळच्याच झाडावर कोतवालाचं घरटं असतं. कोतवाल कावळ्याला आणि शिक्र्याला पिटाळून लावतो, त्याचा आडोसा या नाजूक पाखराला मिळतो.

घरट्यांबद्दल मी कळकळीने सांगतो. घरटं दिसलं की दुर्बिणीतून दोन मिनिटं बघा आणि उठा. फोटोसाठी समोरची पानं बाजूला करणारी माणसं मी पाहिली आहेत. दोन पानं वाकवली की तेवढ्या फटीतून अंडी-पिल्लं खाणारा टकाचोर पक्षी आत बघतो, आणि दुसऱ्या दिवशी वाटी रिकामी असते. असं एक घरटं माझ्या डोळ्यांदेखत गेलंय. फोनवर पाखराची शीळ वाजवून त्याला बाहेर बोलावणं तर विणीच्या दिवसांत अजिबात करू नका. ते बिचारं आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असं समजून पिल्लांना घास द्यायचं सोडून भांडायला येतं.

आता वानरांविषयी. 'वानरांशिवाय काही दिसलं नाही' असं तुम्ही लिहिलंत. वानर हा या जंगलातला तुमचा सगळ्यात चांगला पहारेकरी आहे. त्याचा घुमणारा 'हूप हूप' म्हणजे टोळीची आपापसातली ललकारी, त्यात भीतीचं काही नाही. पण झाडावरून मोठा नर एकाएकी कोरडा, खोकल्यासारखा 'खक्, खक्' करू लागला तर पाय तिथेच थांबवा आणि त्याच्या तोंडाची दिशा बघा. तो खालच्या झुडपाकडे टक लावून बघत असेल तर तिथे बिबट्या असू शकतो. आभाळाकडे बघत असेल तर गरुड. अशा वेळी सगळ्यांनी जवळ यायचं, मुलीला मधे घ्यायचं आणि आल्या वाटेने सावकाश, न पळता मागे फिरायचं. मोराच्या ओरडण्यावर मात्र फार विसंबू नका, पावसाळ्यात तो दिवसभर ओरडतो.

लहान आवाज त्याहून जास्त कामाचे. खार एकाच जागी शेपटी झटकत चिरचिरत राहिली, किंवा बुलबुल, सातभाई, दयाळ असे वेगवेगळे पक्षी एकाच झुडपाभोवती गोळा होऊन कालवा करू लागले, तर झुडपात साप, रानमांजर नाही तर दिवसा झोपलेलं घुबड आहे. या कालव्याचा माग काढत गेलं की निम्म्या वेळा तरी काही ना काही सापडतंच. लांबूनच बघायचं, झुडपात हात घालायचा नाही.

जनावर प्रत्यक्ष दिसणं हे नशिबाचं काम आहे, पण त्याची रात्र मात्र रोज सकाळी वाळूवर लिहिलेली असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत नाल्याचं पाणी ओसरतं आणि काठाला बारीक, ओलसर वाळू उघडी पडते. ऊन तिरपं असताना, म्हणजे आठच्या आत, तिथे उकिडवं बसून बघा. बिबट्याच्या ठशात नखं उमटत नाहीत, कारण चालताना ती आत ओढलेली असतात, आणि तळव्याच्या मागच्या कडेला तीन गोलसर फुगवटे दिसतात. कुत्र्याच्या ठशात नखांची टोकं स्पष्ट असतात. तरसाचेही नखांसकट उमटतात, पण त्याचा पुढचा पाय मागच्यापेक्षा ठळकपणे मोठा. तरसाची विष्ठा वाळली की खडूसारखी पांढरी होते, कारण तो हाडं फोडून खातो. पायवाटेवर एकाच जागी लेंड्यांचा ढीग दिसला तर तो नीलगाईचा, ती पुन्हा पुन्हा तिथेच येते. उंच खडकावर बियांनी भरलेली विष्ठा म्हणजे उदमांजर. आणि काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा काटा सापडला तर साळिंदर. तो मुलीला हाताळू द्या आणि परत तिथेच ठेवायला सांगा.

ठसा किती वेळापूर्वीचा हे ओळखायलाही मुलांना फार आवडतं. पहाटे झाडांवरून दवाचे थेंब ठिबकतात आणि वाळूत बारीक खळगे पडतात. ठशाच्या आत ते खळगे असतील तर जनावर दव पडायच्या आधी, रात्री गेलं. ठसा खळग्यांना दाबून गेला असेल तर पहाटे, कदाचित तुमच्या गाडीचा आवाज ऐकूनच. एका हिवाळी सकाळी मला आमच्याच आदल्या संध्याकाळच्या बुटांच्या ठशांवर बिबट्याचे ठसे मिळाले. दोनशे पावलं तो आमच्याच वाटेने चालला होता. तेव्हापासून अंधारात निघणं मी बंद केलं.

ऋतूंबद्दल थोडक्यात. पहिल्या पावसानंतरचे आठ-दहा दिवस सर्वांत भरगच्च असतात. मखमली लाल मृगाचे किडे जमिनीवर येतात आणि काही दिवसांतच दिसेनासे होतात. डबक्यांत मोठे बेडूक पिवळेजर्द होऊन गळ्याचे निळे फुगे फुगवतात. आफ्रिकेकडून आलेला चातक वरून ओरडत असतो, पावशा रात्रंदिवस थांबत नाही. सप्टेंबरच्या शेवटी वाटेवर कोळ्यांची जाळी आणि ओल्या मातीवर बसलेल्या फुलपाखरांचे थवे. त्यात बहुरूपी नावाचं काळं फुलपाखरू ओळखायला शिकवा. त्याची मादी दुसऱ्याच एका बेचव, लाल अंगाच्या फुलपाखराचं सोंग घेते, म्हणून पाखरं तिच्या वाट्याला जात नाहीत. हिवाळ्यात उत्तरेकडचे पाहुणे येतात, नाल्यातल्या दगडांवर शेपटी हलवणारे धोबी आणि थिरथिरे.

आणि फाल्गुन. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस आणि काटेसावर फुलते तेव्हा मी चालायचंच सोडून देतो. भरगच्च फुललेली एक काटेसावर गाठायची आणि तिच्यापासून वीस-पंचवीस पावलांवर चटई टाकायची. पळसमैनांचे गुलाबी थवे, हळद्या, बुलबुल, शिंजीर, कोतवाल, खारी, वानरं, सगळे त्या एका झाडावर रसासाठी येतात, एकमेकांना हाकलतात, पुन्हा येतात. नऊ वर्षांच्या मुलीसाठी याहून चांगली जागा नाही. मान दुखेल एवढंच, म्हणून तिला आडवं झोपून बघू द्या.

दुर्बीण ८ गुणिले ४२ ची घ्या. आठ म्हणजे किती पटीने मोठं दिसतं ते, बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दहा पटीची घ्यायचा मोह होतो, पण हात हलला की चित्रही तेवढंच जास्त हलतं, आणि खोहातल्या अंधुक उजेडात आठ पटच बरी. मुलीच्या हाताला ही जड जाईल, तिच्यासाठी ८ गुणिले ३२ पुरे. आधी घरच्या गच्चीवर सराव करा. पाखराकडे नुसत्या डोळ्यांनी बघायचं, नजर तिथून ढळू द्यायची नाही, आणि दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणायची. बहुतेक जण खाली दुर्बिणीकडे बघतात आणि पाखरू हरवतं. तांबट, पोपट, साळुंकी यांच्यावर आठवडाभर सराव झाला की जंगलात हात आपोआप चालतो.

धोक्यांपैकी सगळ्यात मोठा पाण्याचा, बिबट्याचा नव्हे. जुलै २०११ मध्ये पाताळपाणीच्या वर, प्रवाहात उभं असलेलं एक कुटुंब अचानक आलेल्या लोंढ्यात वाहून गेलं. तुमच्या डोक्यावर ऊन असतं आणि पाऊस वर महूकडे पडत असतो, म्हणून तो कळत नाही. पाणी गढूळ होऊ लागलं, त्यात काड्या-पानं वाहून येऊ लागली, किंवा आवाज जड झाला, तर सामान गोळा करत बसू नका, उंचावर चढा. माझी एक तुकडी अशीच पलीकडच्या काठावर अडकली होती. पाणी उतरायला साडेतीन तास लागले आणि आम्ही ते तिथेच बसून काढले. दोरी धरून ओलांडायची भाषा कुणी केली तर ऐकू नका.

बिबटे या सगळ्या पट्ट्यात आहेत, आणि २०२३ च्या उन्हाळ्यात महूच्या जंगलात वाघही फिरत होता, त्याच्या हल्ल्यात एका वृद्धाचा जीव गेला. म्हणून निघण्याआधी वाटेवरच्या गावात किंवा वनचौकीवर विचारायचं. चुलीजवळच्या म्हातारीला जंगलाची कालची खबर असते. महूच्या आसपास लष्कराच्या गोळीबाराच्या सरावाच्या जागाही आहेत, तिथे कुंपण असो वा नसो, पाऊल टाकायचं नाही. साप चावल्यास आवळून बांधू नका, कापू नका, हातपाय न हलवता सरळ सरकारी रुग्णालय गाठा. घोट्यावर येणारे बूट आणि बसण्याआधी काठीने पाचोळा हलवणं, एवढ्याने बरंचसं टळतं. आणि वानरांना कुरमुरे-केळी नको. पहारेकऱ्याला भिकारी केलं की तो पहारा सोडतो, आणि पुढच्या मुलाच्या हातातला डबा ओढतो.

पहिल्या चार रविवारांसाठी माझं सुचवणं असं. पहिला राळामंडल. शहराला लागूनच आहे, १९८९ पासून अभयारण्य आहे, आणि टेकडीवर होळकरांची शिकारकोठी आहे. तिथे चितळ-नीलगाय पाहून मुलीचा धीर वाढेल. पुढचे तिन्ही रविवार चोरलच्या एकाच नाल्यावर, एकाच झाडाखाली. जागा बदलू नका. तिने एक वही ठेवावी, तारीख, वेळ, आणि पाखरू काय करत होतं ते. नाव माहीत नसलं तर चित्र काढावं. रंगापेक्षा ते फांदीवर कसं बसलं, शेपटी कशी हलवली, हे लिहिलेलं मला ओळखायला जास्त उपयोगी पडतं.

कधी चालून कंटाळा आला तर पाताळपाणी ते काळाकुंड ही जुनी छोट्या रुळांची गाडी चालू असेल तेव्हा खिडकीत बसून जा. डिसेंबर २०१८ पासून ती पर्यटकांसाठी चालवली जाते. या मार्गासाठी १८७० मध्ये दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी इंग्रजांना एक कोटी रुपये कर्ज दिलं होतं. बोगद्यांमधल्या दऱ्यांवर सर्पगरुड घिरट्या घालताना हमखास दिसतो, त्याची लांबलचक शीळ आधी ऐकू येते. काळाकुंडला उतरलात की तिथला कलाकंद घ्या.

आणि ज्या रविवारी घाटात जोराचा पाऊस असेल त्या दिवशी खोहात जाऊच नका. सिरपूर तलाव शहरातच आहे, यशवंत सागरही फार लांब नाही. दोन्ही तलाव २०२२ मध्ये रामसर, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत आले. यशवंत सागरच्या काठच्या शेतांत सारसांची जोडी दिसली तर गाडीतूनच बघा, खाली उतरू नका. गाडीला ते भीत नाहीत, माणसाला भितात.